तैलरंगाचे उत्तर उशिरा येते

घरच्या घरी तैलरंगांत काम करणारे हौशी चित्रकार वाळू, माती, काजळ, एनॅमल असे नाना पदार्थ रंगाशी जोडून पाहतात. यातला कोणता प्रयोग टिकेल आणि कोणता काही वर्षांनी कॅनव्हासवरून गळून पडेल, हे तेलाच्या स्वभावावर ठरते. तो स्वभाव जाणून घ्यायला छत्रपती संभाजीनगरहून (पूर्वीचे औरंगाबाद) फार लांब जावे लागत नाही.

जवस आणि करडई ही मराठवाड्याच्या रब्बी हंगामातील दोन जुनी पिके. जवसाची चटणी भाकरीबरोबर खाल्ली जाते, करडईचे तेल कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या फोडणीला वापरले गेले. दोन्ही पिकांचे क्षेत्र आता पूर्वीइतके राहिलेले नाही. तथापि ज्या घरात कोणी हौसेने तैलचित्रे रंगवितो, त्या घरात ही दोन्ही तेले आणखी एका वाटेने आलेली असतात. तैलरंगाच्या बहुतेक नळ्यांमध्ये रंगद्रव्य जवसाच्या तेलात घोटलेले असते. पांढरा आणि काही फिके रंग मात्र अनेक उत्पादक करडईच्या तेलात घोटतात, कारण ते तेल कमी पिवळे पडते. शेतातील पीक आणि भिंतीवरचे चित्र यांचे हे नाते सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हौशी चित्रकाराने मात्र ते ध्यानात घ्यावे, असे आहे. त्याच्या चित्राचे आयुष्य रंगापेक्षाही या तेलावर अधिक अवलंबून असते.

हौस आणि तालीम

गारखेडा परिसरातील पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत चित्रकाराला स्वतंत्र कार्यशाळा मिळणे कठीणच. नोकरी, व्यवसाय किंवा घरकाम सांभाळून रात्री किंवा रविवारी बैठकीच्या खोलीत, गच्चीवरच्या खोलीत नाही तर जिन्याखालच्या जागेत इझल उभे राहते. यांपैकी अनेकांचे चित्रकलेचे औपचारिक शिक्षण शाळेतील एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन ग्रेड परीक्षांपाशी थांबलेले असते. त्या परीक्षांत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव होतो आणि जलरंग किंवा पोस्टर रंग हाताळले जातात. तैलरंगांशी गाठ पडते ती पुढे, स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर. साहजिकच जलरंगांच्या सवयी तैलरंगांत येतात. जलरंगातले पाणी उडून गेले की काम संपते. तेलाचे तसे नाही.

हौशी असणे म्हणजे कच्चे असणे नव्हे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे संस्थानाचा कारभार पाहता पाहता आयुष्यभर चित्रे रंगवीत राहिले. त्यांचे ‘चित्र रामायण’ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी उभारलेले औंधचे संग्रहालय आजही रसिक पाहायला जातात. राजा रविवर्मा यांनाही तैलरंगांचे रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. त्रावणकोरच्या राजवाड्यात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराला काम करताना पाहून आणि पुढे स्वतः चुका करीत त्यांनी हे तंत्र आत्मसात केले. स्वतः शिकणाऱ्याची अडचण बुद्धीची किंवा हाताची नसते. ती काळाची असते. रेषा चुकली तर डोळ्यांना लगेच कळते. साहित्य चुकले तर ते पाच, दहा किंवा वीस वर्षांनी कळते. तोवर चित्र कोणाला भेट दिलेले असते किंवा विकलेले असते.

तेल वाळते म्हणजे काय?

तैलरंग वाळतो असे आपण म्हणतो, पण त्यातून काही उडून जात नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचे लवचीक, घट्ट पापुद्र्यात रूपांतर होते. म्हणूनच या क्रियेत तेलाचे वजन सुरुवातीला घटण्याऐवजी वाढते. ही किमया घडविणारा मुख्य घटक म्हणजे लिनोलेनिक आम्ल. जवसाच्या तेलात ते निम्म्याच्या आसपास असते. आहारशास्त्रात ‘ओमेगा-३’ म्हणून जवसाची जी वाखाणणी होते, ती याच घटकामुळे. जो गुण त्याला आहारात मोलाचे ठरवितो, तोच त्याला चित्रकारासाठी उपयुक्त बनवितो.

करडईच्या पारंपरिक वाणांच्या तेलात लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नसते. लिनोलेइक आम्ल भरपूर असते. त्यामुळे ते सावकाश वाळते, त्याचा पापुद्रा किंचित मऊ राहतो, पण पांढऱ्या रंगाची शुभ्रता ते अधिक काळ राखते. शेंगदाण्याचे आणि खोबऱ्याचे तेल मात्र चित्राला निरुपयोगी. ते महिनोन्‌महिने चिकट राहते आणि खरा पापुद्रा कधीच धरीत नाही. स्वयंपाकघरातील रिफाइंड तेलाची बाटलीही चित्रापासून दूर ठेवावी. तेल खवट होऊ नये म्हणून अनेकदा त्यात प्राणवायूशी होणारी क्रिया रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि चित्राला तर नेमकी तीच क्रिया हवी असते. घाण्यावरून थेट आणलेल्या जवसाच्या तेलात बुळबुळीत गाळ असतो. तो निवळून, धुऊन काढल्याशिवाय तेल रंगात घालू नये. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे ‘डबल बॉइल्ड’ तेल दारे-खिडक्यांसाठी असते. त्यात लवकर वाळविणारी धातूंची संयुगे असतात. त्याने चित्र दोन दिवसांत कोरडे होते खरे, पण पुढे गडद पिवळे पडते आणि ठिसूळ होते.

हाताला कोरडा लागणारा रंग आतून कोरडा असतोच असे नाही. पातळ थर दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही वरून सुकतो. जाड लेपाला आतपर्यंत घट्ट व्हायला अनेक महिने, कधी वर्षही लागते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा वरची साय झपाट्याने धरते आणि आतला रंग ओलाच राहतो. जाड लेपावर सुरकुत्या पडण्याचे हे एक कारण. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे हीच क्रिया मंदावते. शिवाय रंगद्रव्यागणिक वेग बदलतो. अंबरमध्ये मँगेनीज असल्याने तो लवकर वाळतो, तर आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरिन क्रिमसन रेंगाळतात.

अजिंठ्याच्या भिंतींचा धडा

साहित्याच्या प्रयोगाचे उत्तर किती उशिरा येते, हे पाहायचे असेल तर पुंडलिकनगरहून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याकडे पाहावे. तेथील उत्तरकालीन लेण्यांतील चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, म्हणजे सुमारे पंधराशे वर्षांची आहेत. ती तैलचित्रे नाहीत आणि ओल्या चुन्यावर रंगविलेली खरी फ्रेस्कोही नाहीत. खडबडीत ठेवलेल्या खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू, त्यावर पातळ पांढरा हात आणि मग डिंकासारख्या किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालविलेले रंग, असा थरांचा क्रम तेथे आढळतो. गेरू, पिवळी माती, खडकातील हिरवे खनिज, काजळ आणि पांढरी माती हे रंग जवळपासचे. दुरून आला तो लाजवर्द दगडाचा निळा. प्रत्येक थर खालच्या थराला धरून राहील, अशी ही रचना होती.

वेरूळच्या गिलाव्यातही अशीच एक गोष्ट सापडली. पुरातत्त्व खात्यातील निवृत्त रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, वेरूळच्या माती-गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते. या तंतूंमुळे गिलाव्याचे कीटकांपासून रक्षण झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे तंतू आढळले नाहीत आणि तेथे कीटकांचा उपद्रव अधिक झाला. कोणा अनामिक कारागिराने केलेल्या निवडीचे उत्तर असे हजारहून अधिक वर्षांनी वाचता आले.

याच भिंतींवर नंतर झालेले प्रयोग मात्र तितके भाग्यवान ठरले नाहीत. मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने १८४४ पासून जवळजवळ दोन दशके येथील चित्रांच्या मोठ्या आकाराच्या नकला कॅनव्हासवर तैलरंगांत केल्या. त्यांतील बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या; थोड्याच वाचल्या. गिलची कबर भुसावळला आहे. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतीलही अनेक १८८५ मध्ये लंडनमधील साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. चित्राच्या नशिबी आग आली, त्याला साहित्याचा इलाज नव्हता.

मात्र मूळ भिंतीवर जे घडले, ते साहित्याचेच होते. मंद उजेडात रंग उठून दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकात काही चित्रांवर व्हार्निशचे हात फिरविले गेले. पुढे निजाम सरकारने चित्रांच्या रक्षणासाठी इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलाविले. त्यांनी १९२० ते १९२२ या काळात सुटलेला गिलावा भिंतीशी जखडला आणि लाखेचा लेप दिला. हेतू उत्तम, हात कसबी आणि त्या दिवसाचा परिणामही सुंदर. कारण लेप लागताच रंग उजळले. पण लाख आणि व्हार्निश काळाबरोबर पिवळसर-तपकिरी होत गेले आणि त्यांवर धूळ बसली. १९९९ पासून राजदेव सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी हेच थर उतरविण्याचे जिकिरीचे काम हाती घेतले. पहिल्या दिवशी चित्राला उजळविणाऱ्या पदार्थाने नंतर त्यालाच झाकून टाकले, हे अजिंठ्यात घडले. तेच हौशी चित्रकाराच्या खोलीतही घडू शकते.

अजिंठ्याच्या नकला करणाऱ्यांपैकी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांनी मात्र साहित्याचा अभ्यास आधी केला होता. चेनीनो चेनीनी या इटालियन चित्रकाराने मध्ययुगाच्या अखेरीस लिहिलेल्या रंगसाहित्याच्या ग्रंथाचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले, ते १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथातील कृती त्यांनी स्वतः करून पाहिल्या होत्या. त्यानंतर दहा वर्षांनी त्या अजिंठ्याला आल्या आणि नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासह अनेक तरुण चित्रकारांनी त्यांच्याबरोबर काम केले.

थरांचा क्रम

तैलचित्राचा पहिला नियम म्हणजे खालचा थर रोड, वरचा थर तेलकट. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ करून द्यावा, त्यापुढील थरात नळीतील रंग जसाच्या तसा घ्यावा आणि शेवटच्या थरात हवे तर थोडे जवसाचे तेल मिसळावे. याचे कारण सरळ आहे. तेल अधिक असलेला थर सावकाश वाळतो, अधिक काळ हलतो आणि अधिक लवचीक असतो. असा थर खाली गेला आणि त्यावर लवकर वाळणारा, ताठ थर आला, तर खालचा आकुंचन-प्रसरण पावत राहतो आणि वरचा फाटतो. घराची जमीन खचली की फरशीला तडे जातात, तसाच हा प्रकार.

यावरून काही व्यावहारिक गोष्टी निघतात. शुद्ध आयव्हरी ब्लॅकचा जाड थर तळाला देऊ नये. तळासाठी अंबर किंवा लाल-पिवळ्या मातीचे रंग चांगले. झिंक व्हाइट दिसायला मोहक, पण झिंक ऑक्साइडची तेलातील आम्लांशी क्रिया होऊन साबणासारखी संयुगे तयार होतात. थर ठिसूळ होतो आणि खालच्या थरापासून सुटू शकतो. म्हणून पांढऱ्यासाठी टायटॅनियम व्हाइट अधिक भरवशाचा. नळीवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावून घ्यावी. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक, पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन निळा. रंगाच्या नावापुढे ‘ह्यू’ असे लिहिलेले असेल तर आत मूळ रंगद्रव्याऐवजी त्याच्यासारखी दिसणारी दुसरी द्रव्ये आहेत, असे समजावे.

ॲक्रिलिकचा प्रश्न नवशिक्यांना हमखास पडतो. ॲक्रिलिकच्या पातळ, सुकलेल्या थरावर तैलरंग देता येतो. तैलरंगावर ॲक्रिलिक मात्र देऊ नये. पाण्यात कालविलेला तो थर तेलकट पृष्ठभागाला नीट धरीत नाही आणि कालांतराने पापुद्र्यासारखा निघून येतो.

माती, वाळू, एनॅमल आणि हळद

आता प्रयोगांकडे वळू. तैलरंगात बाहेरचे पदार्थ मिसळण्याची परंपरा मोठी आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज ब्राकने रंगात वाळू मिसळली. मराठी चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) यांनी कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरून स्वतःची सपाट, गूढ चित्रभाषा घडविली. नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांनी कुंचल्याऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून तैलरंगाचे पारदर्शक थर चढविले व उतरविले. तेव्हा प्रयोग करू नये, असे कोणी म्हणणार नाही. कोणता पदार्थ तेलाशी कसा वागतो, एवढेच आधी पाहावे.

माती हा सर्वांत सुरक्षित प्रयोग. गेरू, पिवळी माती, तांबडा मुरूम यांचे रंग लोहाच्या संयुगांमुळे येतात. ते उन्हाने उडत नाहीत आणि तेलाशी भांडत नाहीत. माती पाण्यात ढवळून जड खडे तळाशी बसू द्यावेत, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून त्यातील बारीक गाळ सुकवावा आणि तो काचेवर जवसाच्या तेलाचे थेंब घालीत घोटावा. अजिंठ्याच्या चित्रकारांनी वापरलेले रंग याच कुळातले. काजळीही अशीच टिकाऊ, पण ती फार तेल पिते आणि उशिरा वाळते, म्हणून वरच्या थरांतच वापरावी.

वाळू धुऊन, क्षार काढून, पूर्ण सुकवून घ्यावी. ती नुसत्या पातळ तेलात मिसळली तर कण मोकळे राहतात आणि हात लागताच झडतात. वाळूचा खडबडीत पोत ॲक्रिलिक माध्यमात घट्ट बसवून तळालाच तयार करावा आणि त्यावर तैलरंग द्यावा, हे अधिक सुरक्षित. असे जड काम सैल कॅनव्हासपेक्षा प्लायवुडच्या फळीवर चांगले राहते.

घरच्या दारांना देतात तो एनॅमल रंग लवकर सुकतो. अर्धवट ओल्या तैलरंगावर तो ओतला तर तड्यांचे जाळे ठरलेले. बरव्यांप्रमाणे संपूर्ण चित्रच एनॅमलमध्ये करणे वेगळे आणि तैलरंगावर एनॅमलचा मुलामा देणे वेगळे. चुन्याचा आणि तेलाचाही मेळ नाही, चुना तेलाचा साबण करतो. डांबराचा मोह तर इंग्लंडच्या जोशुआ रेनॉल्ड्सलाही अठराव्या शतकात आवरला नाही. त्याचा उबदार तपकिरी रंग सुंदर दिसे, पण डांबरी द्रव्य कधीच पुरते वाळत नसल्याने त्या काळच्या कित्येक चित्रांना मगरीच्या पाठीसारखे तडे गेले.

हळद, बीट, पळसाची फुले, चहा, कॉफी यांचे रंग ताजे असताना मन मोहवितात. त्यांचा रंग उजेडात टिकत नाही. हळदीचा तर फारच लवकर उडतो. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ मध्ये रंगविलेल्या आपल्या शयनगृहाच्या भिंती मुळात जांभळट होत्या. त्यांतील लाल रंग उडाल्याने आज त्या निळ्या दिसतात. मोठ्या चित्रकाराचे चित्र तेवढ्यानेही महान राहते. पण हळदीने रंगविलेले सूर्यफुलांचे शेत काही वर्षांत पांढरट होईल, हे कोणाला भेट देताना माहीत असलेले बरे.

कॅनव्हासच्या खाली काय?

तैलचित्राचे निम्मे भवितव्य पहिला रंग लागण्यापूर्वीच ठरलेले असते. तेल सुताच्या कापडाला हळूहळू कुजविते, म्हणून कापड आणि रंग यांच्यामध्ये अस्तर हवे. जुन्या पद्धतीत कापडाला आधी सरस लावीत आणि त्यावर तेलाचे अस्तर देत. सरस मात्र हवेतील ओलावा शोषून फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. एप्रिल-मेची कोरडी हवा आणि जुलै-ऑगस्टची दमट हवा यांतील फरक मोठा असलेल्या भागात ही फुगण्या-आकसण्याची क्रिया दर वर्षी होते आणि तिचा ताण रंगाच्या थरावर पडतो. त्यामुळे घरी काम करणाऱ्याला ॲक्रिलिक जेसोचे दोन-तीन पातळ हात हा अधिक सोपा आणि निर्धोक मार्ग आहे.

पैसे वाचविण्यासाठी सुतारकामाचा पांढरा गोंद आणि भिंतीचा डिस्टेंपर एकत्र करून अस्तर देण्याची युक्ती अनेकांना माहीत असते. सरावाच्या चित्रांना ती चालेल. टिकवायच्या चित्राला नको, कारण हा गोंद लाकडाचे सांधे जोडण्यासाठी बनविलेला आहे आणि ओलाव्याने मऊ पडतो. लियोनार्दो द विंचीसारख्या चित्रकारालाही पायाच्या प्रयोगाने दगा दिला. मिलानमध्ये १४९५ ते १४९८ या काळात ‘द लास्ट सपर’ रंगविताना त्याने ओल्या गिलाव्याची रूढ पद्धत सोडून कोरड्या भिंतीवर सावकाश काम करण्याची सोय शोधली. चित्र त्याच्या हयातीतच सुटू लागले. त्याची शेवटची मोठी दुरुस्ती वीस वर्षे चालली आणि १९९९ मध्ये संपली.

चित्र पूर्ण झाल्यावर लगेच व्हार्निश देण्याची घाईही टाळावी. पातळ थरांच्या चित्राला सहा महिने आणि जाड लेपाच्या चित्राला वर्षभर वाट पाहावी. तेव्हाही फर्निचरचे पॉलिश किंवा लाख न वापरता चित्रांसाठीचे, पुढे विद्रावकाने उतरविता येईल असे व्हार्निश घ्यावे. आपण चढविलेला थर दुसऱ्या कोणाला सुखरूप काढता आला पाहिजे, हा अजिंठ्याचा धडा येथे थेट लागू पडतो. नवे तैलचित्र कपाटामागे अंधारात कोंडून ठेवू नये, अंधारात जवसाचे तेल पिवळे पडते आणि उजेडात आणले की बऱ्याच अंशी निवळते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र लावायचे असेल, तर चौकटीच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळती ठेवावी.

उन्हाची प्रयोगशाळा

साहित्याचे उत्तर उशिरा येते हे खरे. पण थोडी युक्ती केली तर त्याचा अंदाज लवकर घेता येतो आणि त्यासाठी मराठवाड्याच्या उन्हासारखा मदतनीस नाही. जेसो दिलेल्या पुठ्ठ्यावर किंवा फळीच्या तुकड्यावर प्रत्येक रंगाची एक पट्टी ओढावी. एकदा जाड, एकदा पांढऱ्यात मिसळून. पट्ट्या वाळल्या की अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या कागदाने घट्ट झाकावा आणि तुकडा मार्च ते मे असे तीन महिने भरपूर ऊन येणाऱ्या खिडकीत आतल्या बाजूने ठेवावा. पावसाळ्यापूर्वी कागद काढला की झाकलेल्या आणि उघड्या भागांतील फरक सगळे सांगून टाकतो. हळदीची पट्टी ओळखू येणार नाही. गेरूची जशीच्या तशी असेल.

पापुद्रा सुटतो का, हे पाहण्यासाठीही साधी चाचणी आहे. दोन-तीन महिने वाळलेल्या नमुन्यावर ब्लेडने उभ्या-आडव्या बारीक रेघा मारून चौकडी करावी, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर रंगाचे चौकोन निघून आले, तर दोन थरांचे जमलेले नाही. कॅनव्हासचा नमुना हलकेच वाकवून पाहिला तर ठिसूळपणाही कळतो. प्रयोग आधी हातभर फळीवर आणि मग मोठ्या कॅनव्हासवर, असा क्रम ठेवला तर बरेच रंग, पैसे आणि मनस्ताप वाचतो.

खोलीतील सावधगिरी

घराचीच कार्यशाळा झाली की आणखी एका गोष्टीचे भान लागते. जवसाचे तेल प्राणवायू शोषते तेव्हा उष्णता निर्माण होते. कॅनव्हासवरच्या पातळ थरातून ती निघून जाते. पण तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर उष्णता आत कोंडते आणि काडी न लावताही बोळा पेट घेऊ शकतो. उन्हाळ्यात तापलेल्या गच्चीवरच्या खोलीत हा धोका अधिक. काम संपल्यावर चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात किंवा एकेक पसरून मोकळ्या हवेत वाळवाव्यात.

टर्पेंटाइनचा वास बंद खोलीत डोकेदुखी आणतो, श्वासालाही तो चांगला नाही. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, भांड्यावर झाकण असावे आणि लहान मुलांच्या खोलीत हे काम करू नये. रॉकेल स्वस्त म्हणून वापरणारेही आढळतात. ते सावकाश उडते आणि मागे तेलकट अंश ठेवते, म्हणून ते रंगात मुळीच घालू नये. कुंचला आधी जवसाच्या तेलात घोळून रंग पुसावा आणि मग साबणाने धुवावा, म्हणजे टर्पेंटाइन फारच कमी लागते. शिसे किंवा कॅडमियम असलेल्या रंगांची कोरडी भुकटी हाताळू नये आणि असे वाळलेले रंग घासून धूळ करू नये. काम करताना खाणे-पिणे टाळावे.

चित्राच्या पाठीवर चार ओळी

संग्रहालयांत जुन्या चित्रांची दुरुस्ती करणाऱ्यांचा बराच वेळ चित्रकाराने काय वापरले होते, हे शोधण्यातच जातो. अजिंठ्याच्या किंवा वेरूळच्या कारागिराने लिहून ठेवले नाही, म्हणून गिलाव्याचे कण सूक्ष्मदर्शकाखाली न्यावे लागले. हौशी चित्रकाराला हे काम पाच मिनिटांत करता येते. चौकटीच्या मागे लाकडावर किंवा चिकटविलेल्या कागदावर पेन्सिलीने तारीख, अस्तर कशाचे, कोणत्या नळ्या वापरल्या, त्यांचे क्रमांक, काही वेगळे मिसळले असल्यास ते आणि व्हार्निश कधी दिले, एवढे लिहावे. थेट कॅनव्हासच्या पाठीवर दाबून लिहू नये, रंगाच्या बाजूला ठसा उमटतो.

पाच वर्षांनी तेच चित्र भिंतीवरून उतरवून, मागची नोंद वाचून, पुढचा रंग न्याहाळणारा चित्रकार स्वतःच स्वतःचा शिक्षक होतो. एखादा कोपरा सुटला असेल, एखादा पिवळा उडाला असेल. नोंद असेल तर कारण सापडते आणि पुढच्या चित्रात तो दोष टाळता येतो. चित्र विकत घेणाऱ्यालाही ही नोंद दाखविता येते. आपण पैसे देऊन घेतलेली वस्तू कशाची बनली आहे, हे जाणण्याचा त्याला अधिकार आहे. आणि कधीकाळी त्या चित्राला दुरुस्तीची गरज पडली, तर ते ज्याच्या हाती जाईल त्याला अंदाजाने विद्रावक लावून पाहण्याची वेळ येणार नाही.